बीपी माहेरून येतं का?

साकोलीत बायकांमध्ये बीपीचा विषय काढला, की हमखास ऐकू येतं, "आमच्या घराण्यातच आहे जी, चुकते थोडीच!"

मैत्रिणींनो, हे अर्धंच खरं. आईवडिलांपैकी एकाला उच्च रक्तदाब असेल तर मुलांना धोका वाढतो, दोघांना असेल तर आणखी. पण त्याचं एकच एक जनुक नसतं. शास्त्रज्ञांना आपल्या गुणसूत्रांवर अशा हजाराहून जास्त जागा सापडल्यात, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. कुणाचं मूत्रपिंड मीठ जास्त धरून ठेवतं, ते यातूनच. त्यात भर लोणच्या-पापडाची! सासूचं बीपी सुनेला रक्तातून येत नाही, ताटातून मात्र येऊ शकतं.

रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिल्या जिल्ह्यांत आपला भंडारा होता. तरी आईच्या गोळ्या न चुकता आणणारी लेक स्वतःचं बीपी मोजत नाही. म्हणते, "मला कुठं काय होते?" बहुतेकींना काहीच होत नाही, म्हणून तर मोजायचं! माहेरी बीपी असेल किंवा गरोदरपणात वाढलं असेल, तर तिशीपासूनच दरवर्षी मोजा. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं, तर डॉक्टरांना दाखवा आणि माहेरी कुणाकुणाला आहे, तेही सांगा.