बाळू पालवणकर : गुणवत्ता आणि कर्णधारपद

राखीव जागांचा विषय निघाला की क्रिकेटचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. ‘भारतीय संघात कुठे आहेत राखीव जागा? तिथे फक्त गुणवत्ता चालते,’ असे सांगणारा माणूस प्रत्येक कॉलेजच्या स्टाफरूममध्ये असतो. मी शिकवतो तिथेही आहेत. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्यामुळे हे वाक्य कोणाला उद्देशून आहे, हे मला कुणी समजावून सांगावे लागत नाही. परंतु रागावण्यापेक्षा हे विधान तपासून पाहणे बरे. क्रिकेटच्या मैदानावर गुणवत्तेला खरोखर काय मिळाले, हे पाहायचे तर पालवणकर बंधूंच्या कारकिर्दीइतकी चोख कसोटी दुसरी नाही.

बाळू पालवणकर यांचा जन्म 1876 साली धारवाडचा. समाज चांभार, वडील लष्करात नोकरीला. बाळू पुण्यात वाढले आणि पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्या-लोटण्याच्या कामाला लागले. पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये मिळू लागले. रोलर फिरवणे, पट्टे आखणे, जाळी बांधणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे, ही कामे. डावखुरा संथ गोलंदाज म्हणून बाळूंचा हात तयार झाला तो या चाकरीत. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज तासन् तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी. मात्र त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. मेहनतीचा भाग चाकराचा आणि शोभेचा भाग मालकाचा, अशी ही वाटणी होती. गावगाड्यात वाढलेल्या वाचकाला ती ओळखीची वाटेल.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते. त्यासाठी बाळू हवे होते आणि त्यांच्या जातीची अडचणही होती. शेवटी विकेटींची निकड जड ठरली आणि त्यांना संघात घेतले. यातली विसंगती नीट ध्यानात घेतली पाहिजे. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा. तो बाळूंच्या हातून सुटे, यष्टिरक्षकाच्या हाती जाई, ब्राह्मण क्षेत्ररक्षकाच्या हातून पुन्हा बाळूंकडे येई. तिथे विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की विटाळ जागा होई. बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे. म्हणजे ज्या क्षणी बाळूंची गरज होती तेवढ्यापुरतीच अस्पृश्यता स्थगित होती. ती रद्द झालेली नव्हती.

प्लेगच्या वर्षांनंतर कुटुंब मुंबईला आले आणि बाळू हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले म्हणून देशभर आनंद झाला. त्या संघात बाळू होते आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम हेही होते. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही हिंदू संघात आले.

1911 साली अखिल भारतीय संघ प्रथमच इंग्लंडला गेला. बाळू आणि शिवराम दोघेही त्यात होते. संघाने 23 सामने खेळून 6 जिंकले, 15 गमावले. या पडझडीत बाळूंनी 114 बळी घेतले, सरासरी 18.84. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांचे 11 बळी होते. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद शतक काढले आणि सामना एका गड्याने जिंकून दिला. दोन भावांची ही कामगिरी वजा केली तर त्या दौऱ्याबद्दल अभिमानाने सांगावे असे फार थोडे उरते.

आता या संघाचा कर्णधार कोण होता ते पाहावे. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय 19. दौऱ्यातले बरेचसे सामने ते खेळलेही नाहीत. हा अपवाद म्हणावा तर 1936 च्या इंग्लंड दौऱ्याकडे पाहा. तेव्हा विजयनगरमचे महाराजकुमार कर्णधार होते आणि तीन कसोटींत मिळून त्यांच्या धावा झाल्या 33. ज्या खेळात ‘फक्त गुणवत्ता’ चालते असे आपल्याला ऐकवले जाते, त्या खेळातली ही राखीव जागा होती. ती संस्थानिकांसाठी होती, म्हणून तिला कोणी राखीव जागा म्हटले नाही.

हिंदू संघात संस्थानिक नव्हते, तिथे जात होती. बाळू वर्षानुवर्षे संघाचे प्रमुख गोलंदाज राहिले, पण कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. गोलंदाजी करणे हे काम आहे. कर्णधारपद म्हणजे हुकूम देण्याचा अधिकार. चांभाराच्या हाताचे काम घेण्याची सवय समाजाला होती, त्याच्या तोंडचा हुकूम ऐकण्याची नव्हती.

1920 च्या चौरंगी स्पर्धेत हे उघड झाले. नेहमीचे कर्णधार पै पहिल्या सामन्याला उपलब्ध नव्हते. बाळूंना संघातून वगळण्यात आले होते आणि ज्येष्ठ असलेल्या विठ्ठल यांना डावलून कर्णधारपद दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. हा पक्षपात जातीवरून झाला, हे त्यांनी स्पष्ट म्हटले. या नकाराने बराच गदारोळ झाला. अंतिम सामन्यासाठी पै परतले, भाऊ संघात आले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. पुढे 1923 साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली.

या क्रमाकडे मी विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. 1911 चे 114 बळी कर्णधारपद देऊ शकले नाहीत. ते आले दोन भावांनी खेळायला नकार दिल्यानंतर. गुणवत्ता अर्थातच लागते. गुणवत्ता नसती तर त्यांच्या नकाराला किंमत आली नसती. पण गुणवत्ता दाराशी नेऊन उभी करते. दार उघडण्यासाठी ते ठोठवावे लागते, आणि एकट्याने ठोठावून भागत नाही.

बाळूंच्या पुढच्या वाटचालीविषयी आपल्या चळवळीत संकोच आहे. तो सोडून द्यावा. 1932 च्या पुणे करारावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची सही आहे, तशी बाळूंचीही आहे. पण ते गांधी-काँग्रेसच्या बाजूचे होते. 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. त्या विचाराला बाळूंनी विरोध केला. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. आपल्या माणसासमोर आपलाच माणूस उभा करण्याची ही रीत आजही आपण पाहतो. बाळूंची ती भूमिका चुकीची होती असे माझे मत आहे. मात्र तेवढ्यासाठी त्यांचा खेळ आणि त्यांनी सोसलेले अपमान आपण विसरलो, तर सवर्ण इतिहासकारांनी केलेल्या विस्मरणात आपलीही भर पडेल. बाळू 1955 साली वारले. विठ्ठल यांनी आपले क्रीडाजीवन मराठीत लिहून ठेवले, तेही आपल्यापैकी किती जणांनी वाचले असेल?

एकलहऱ्यात वीज केंद्राच्या परिसरात कंत्राटी कामगारांची पोरे क्रिकेट खेळतात. त्यातले एखादे उत्तम चेंडू टाकते. अशा पोराला लोक सांगतात, ‘तू फक्त खेळ, बाकी काही मध्ये येत नाही.’ पोराने जरूर खेळावे. परंतु बूट, बॅट, प्रवासाचे भाडे, चांगला प्रशिक्षक आणि निवड समितीत कुणाची ओळख, या सगळ्या गोष्टी निवडीच्या दिवसाच्या आधी घडतात, हेही त्याला सांगितले पाहिजे. आणि पालवणकर बंधूंचे नाव सांगितले पाहिजे. त्यांचे 114 बळी सांगावेत, आणि 1920 सालचा तो नकारही सांगावा. नुसते बळी सांगितले तर ते पोर चांगला गोलंदाज होईल. नकार सांगितला तर आपला हक्क कुठे अडवला जातो आहे, हे त्याला ओळखता येईल.