लोखंड आणि गंज (लेखांक ९) : वरचं ग्रीस, खालचा निळा थर

मागच्या दोन लेखांकांत लोखंडावर थर कसे चढवतात ते पाहिलं. चढवलेला थर उतरवायची वेळ आली की गोष्ट जरा नाजूक होते. त्यासाठी आज बंदूक घेऊ, कारण तात्पुरतं ग्रीस, कायमचा निळा-काळा थर आणि खराखुरा गंज हे तिन्ही तिच्या एकाच नळीवर एकावर एक सापडू शकतात.

मोसिन-नागान ही रायफल रशियन सैन्यानं १८९१ साली स्वीकारली. दुसरं महायुद्ध संपल्यावर सोव्हिएत शस्त्रागारांनी अशा असंख्य रायफली दुरुस्त केल्या, त्यांच्यावर जाड ग्रीस थापलं आणि पुढच्या युद्धासाठी पेट्यांत भरून ठेवल्या. ते युद्ध काही आलं नाही, सोव्हिएत संघ मात्र गेला. मग याच रायफली स्वस्तात अमेरिकेच्या बाजारात पोचल्या. पेटी उघडणाऱ्याला आधी दिसायचा तो तपकिरी चिकटा, रायफल त्याच्या आत कुठेतरी. हे रशियन ग्रीस म्हणजे मुख्यतः पेट्रोलॅटम आणि त्यात थोडं सेरेसिन मेण. अमेरिकन सैन्य वापरायचं ते कॉस्मोलीनही त्याच जातीचं. फिलाडेल्फियाच्या हॉटन कंपनीचं हे उत्पादन सुरुवातीला मलम म्हणून विकलं जायचं, म्हणजे आपल्या ओळखीच्या व्हॅसलिनचा जवळचा नातेवाईक.

ताजं असताना ते मऊ असतं. वर्षं जातात तसे त्यातले हलके तेलकट घटक उडून जातात आणि मागे मेणासारखा कडक, पिवळट थर उरतो. तो खरवडायला पटाशी घेणारे महाभाग असतात, पण त्याची काही गरज नाही. हे मेण साधारण ४५ ते ५० अंश सेल्सिअसला पातळ होतं. अमेरिकन हौशी मंडळी सुटे भाग काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवतात आणि खाली ओघळलेलं ग्रीस पुसून घेतात. आमच्या नागपूरच्या मे महिन्यात तर मोटारीचीही गरज पडू नये. लाकडी दस्त्यात मुरलेलं ग्रीसही उष्णतेनंच बाहेर येतं, फक्त घाई करायची नाही.

धातूच्या भागांना उकळतं पाणी चालतं. रायफलीला पाणी म्हटलं की लोक दचकतात, पण जुन्या काडतुसांचे क्षार धुवायला ब्रिटिश शिपाई नळीतून उकळतं पाणीच ओतायचे. धातू इतका तापतो की पाणी आपोआप उडून जातं, आणि लगेच तेलाचा हात फिरवला की काम झालं. उरलेला चिकटपणा रॉकेलनं किंवा रंगाच्या दुकानातल्या मिनरल टर्पेंटाइननं निघतो. पेट्रोल वापरू नये, त्याची वाफ कोपऱ्यातल्या ठिणगीपर्यंत सहज पोचते. ज्यांनी एनसीसीत रायफल साफ केली आहे त्यांना नळीतून ओढायची पुल-थ्रूची दोरी आणि चार बाय दोन इंचाची चिंदी आठवत असेल. शेवटचा हात अजूनही तिचाच.

एक जागा मात्र सोडून चालत नाही, ती म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टची आतली बाजू. एसकेएस या सोव्हिएत बनावटीच्या रायफलीत काडतुसावर आदळणाऱ्या फायरिंग पिनला बहुतेक वेळा स्प्रिंग नसते, पिन मोकळी मागेपुढे होते. जुनं ग्रीस घट्ट होऊन ती पुढे अडकली, तर बोल्ट बंद होताच घोडा न ओढता गोळी सुटते. वरून लखलखीत केलेली आणि आतून ग्रीसनं भरलेली रायफल ही अस्वच्छ रायफलीपेक्षा वाईट.

इथपर्यंतचं काम सोपं आहे, कारण ग्रीस आणि लोखंड हे दोन वेगळे पदार्थ आहेत. खरी पंचाईत पुढे आहे. ग्रीस गेल्यावर नळीवर जो निळसर काळा रंग दिसतो, तो वरून लावलेला नसतो. लोखंडाच्याच पृष्ठभागाचं मॅग्नेटाइट झालेलं असतं, लोहाचं काळं ऑक्साइड. हा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाड असतो. त्याच्या शेजारी तांबड्या गंजाचे ठिपके असतील तर तेही लोहाचं ऑक्साइडच. आपण तांब्या-पितळेला चिंच लावतो त्या सवयीनं कुणी इथे व्हिनेगर किंवा बाजारातलं आम्लयुक्त गंजनाशक लावलं, तर आम्ल दोघांत भेद करत नाही. गंज जातो, आणि त्याच काही मिनिटांत निळाईही जाते. मागे उरतं ते करडं, उघडं पोलाद, जे दमट हवेत बोटाच्या ठशावरूनही गंजतं.

त्यापेक्षा जुनी बंदूक-कारागिरी जास्त शहाणी होती. तांबडा गंज शुद्ध पाण्यात उकळला की त्याचं काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होतं. मग मऊ तारेच्या ब्रशनं वरची सुटी काजळी झटकायची, की खाली घट्ट काळा थर राहतो. नवी नळी काळी करायलाही हीच रीत होती. मुद्दाम गंज आणायचा, उकळायचा, झटकायचा, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या, सुमारे १४० अंशांवर उकळणाऱ्या द्रावणात बुडवून झटपट काळं करायची पद्धत नंतर आली.

ही झटपट पद्धत आपल्याकडच्या दुनाळीच्या मुळावर येऊ शकते. दुनाळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुधा शिसं-कथलाच्या डाकानं जोडलेल्या असतात, आणि तापलेला कॉस्टिक तो डाक खातो. शेतातल्या रानडुकरांसाठी परवाना काढलेली आजोबांच्या वेळची बंदूक नव्यासारखी दिसावी म्हणून कुणी प्लेटिंगवाल्याच्या हौदात बुडवली, तर रंग चढेल पण सांधे सुटतील. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्त करायला परवाना लागतो, तेव्हा प्लेटिंगवाल्याकडे ती नेणंच चूक.

गंजाबरोबर मूळ थरही घालवू नये, हा धडा संग्रहालयांना महागात पडला आहे. युरोपातली कित्येक चिलखतं मुळात निळी, काळी किंवा तपकिरी होती. पिढ्यान्‌पिढ्या घासून चकचकीत केल्यानं ती पांढरी पडली, आणि प्रेक्षकांना वाटतं की सरदार असेच चमकत फिरायचे. आपल्या तोड्याच्या बंदुकांवरचं सोन्याचं कोफ्तगरी काम तर याहून नाजूक. सोन्याची तार पोलादावर पाडलेल्या बारीक चरांत नुसती ठोकून बसवलेली असते. चरांत गंज शिरला की सोनं वर उचललं जातं, आणि गंजाबरोबर काचकागद फिरवला की तेही निघून येतं. म्हणून जाणता संरक्षक भिंगाखाली, लाकडी काडीनं, थोडं थोडं काम करतो आणि तांबडी धूळ संपून काळा थर लागला की थांबतो. वर तो मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात देतो, जे पुढे कुणालाही व्हाइट स्पिरिटनं पुसून काढता येतं.