एबीएसचा दिवा विझत नाही? मॉड्यूल काढण्याआधी हे तपासा

छत्रपती संभाजीनगर : गाडी सुरू केली की मीटरवर 'एबीएस'चा पिवळा दिवा लागतो आणि थोड्या वेळात विझतो. दुचाकीत तो गाडी चालू लागल्यावर जातो. दिवा विझलाच नाही, तर समजायचं बिघाड आहे. मग 'फ्यूज काढून टाका, ब्रेक तर लागतोच की' असा सल्ला हमखास मिळतो. ब्रेक लागतो हे खरं, पण पावसात कन्नडचा औट्रम घाट उतरताना हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

एबीएस काय करतं?
चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग मोजतो. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ लागलं, की मॉड्यूल ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा कमी-जास्त करतं. त्यामुळे चाक फिरत राहतं आणि स्टेअरिंग हातात राहतं. १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. बऱ्याच चारचाकींत मागच्या-पुढच्या चाकांवर ब्रेकचा जोर वाटून देण्याचं कामही हेच मॉड्यूल करतं. ते बंद पडलं तर रिकामी पिकअप ब्रेक मारताच मागून फिरू शकते.

आधी काय पाहायचं?
बऱ्याचदा मॉड्यूल चांगलं असतं, दोष दुसरीकडे असतो. सेन्सरवर काळ्या मातीचा चिखल बसतो, वायर उंदीर कुरतडतात, बॅटरी कमजोर होते. आधी स्कॅनर लावून कोड काढा. पिकअपला जाळी किंवा कॅरिअर वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढली नसेल, तर मात्र मॉड्यूल खरंच जळालेलं असू शकतं.

काढावंच लागलं तर
• चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.
• कनेक्टरचं लॉक उघडूनच तो ओढा. पिना वाकू देऊ नका.
• काही चारचाकींत फक्त स्क्रू काढून मॉड्यूल हायड्रॉलिक युनिटपासून वेगळं होतं. तिथे ब्रेकच्या नळ्यांना हात लावायची गरज नाही. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका.
• दुचाकीत बहुतेक वेळा दोन्ही एकत्र असतात. नळ्या सोडल्या की ऑइल गळतं, हवा शिरते. मग एअर काढावी लागते, काही गाड्यांत त्यालाही स्कॅनर लागतो.
• ब्रेक ऑइल झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. ते रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.
• भंगारातलं मॉड्यूल घेताना पार्ट नंबर जुळवा. काही गाड्यांत ते बसवल्यावर कोडिंगही करावं लागतं.
• मॉड्यूल दुरुस्तीला गेलं असेल, तोवर गाडी उभीच ठेवा.

कायदा काय म्हणतो?
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. कलम १८२-अ नुसार मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

दिवा लागला म्हणजे गाडी लगेच थांबवायलाच हवी असं नाही. सावकाश, अंतर ठेवून गॅरेजपर्यंत नेता येते. पण एबीएससोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी जागेवरच थांबवा आणि मेकॅनिकलाच तिथे बोलवा.