शिवारात वॉकीटॉकी : किती उपयोगी, किती नाही



रब्बीचे दिवस आले की माळव्यात गव्हाला पाणी देण्याची घाई सुरू होते. वीज पुष्कळदा रात्रीच मिळते, आणि मग घरातले एक माणूस अंगावर घोंगडी घेऊन दारे धरायला एकटेच शेतावर जाते. इंदूरच्या उत्तरेकडील सपाट काळ्या रानात मोबाइल बहुतेक लागतो. पण दक्षिणेला सिमरोल, चोरल, मानपूरच्या बाजूला पठार संपते आणि जमीन नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागते. तेथे एखाद्या नाल्यात उतरले की फोनवरच्या रेघा नाहीशा होतात. अशा जागी रात्री अकरा वाजता पायाला साप चावला, तर हाक कोणाला मारायची?

तिकडच्या काही घरांतून हा प्रश्न आम्हाला विचारण्यात आला. सोबत एक जाहिरातही दाखवण्यात आली : वॉकीटॉकीची जोडी, पल्ला १० किलोमीटर, परवान्याची कटकट नाही. घ्यावी काय? आमचे उत्तर असे की वॉकीटॉकी घ्यावी, पण ती जोडी घेऊ नये, आणि पल्ल्याचा आकडा तर मुळीच खरा मानू नये.

पल्ला कशावर ठरतो ते आधी पाहू. या संचांच्या लहरी दिव्याच्या उजेडासारख्या बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी आली की त्या अडतात, आणि ओल्या पानांची दाट झाडी त्यांना शोषून घेते. मोकळ्या सपाट रानात लहर किती लांब पोचू शकेल, याचा एक सोपा हिशेब आहे. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४ ने गुणावे, तेवढे किलोमीटर. उभ्या माणसाच्या हातातला संच जमिनीपासून दीड मीटरवर असतो, म्हणजे सुमारे ५ किलोमीटर. दुसऱ्या माणसाचे ५ मिळवले की १० झाले. जाहिरातीतला आकडा बहुधा येथूनच आला असावा! पण हा हिशेब झाड, घर, बांध काही नसलेल्या रानाचा आहे, आणि एवढ्या अंतरावर पोचायला संचाची ताकदही पुरायला हवी.

उंची वाढली की मात्र चित्र पालटते. ९ मीटर उंचीच्या गच्चीवरून १२ किलोमीटर, २५ मीटरच्या टाकीवरून २०. महूजवळचा जानापाव डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ८५० मीटर उंच आहे आणि इंदूर सुमारे ५५०. तेव्हा मधल्या ३०० मीटरच्या हिशेबाने त्या माथ्यावरून जवळजवळ ७० किलोमीटरपर्यंत नजर पोचते. संचाला किती पैसे मोजले याहून तो कोठे धरला हे महत्त्वाचे, ते यासाठी.

रिपीटर म्हणजे ही उंची कायमची कामाला लावणे. दरीच्या अलीकडे बाप आहे, पलीकडे मुलगा आहे, एकमेकांची हाक ऐकू जात नाही. पण कड्यावर बसलेल्या गुराख्याला दोघांचेही ऐकू येते. तो एकाची हाक ऐकतो आणि तीच मोठ्याने पुढे देतो. रिपीटर हाच यंत्रातला गुराखी. फरक इतकाच की गुराखी आधी ऐकतो आणि मग बोलतो, रिपीटर दोन्ही एकाच वेळी करतो. आता स्वतः ओरडत असताना दुसऱ्याचे ऐकू येणार कसे? म्हणून त्याला ऐकायला एक फ्रिक्वेन्सी आणि बोलायला दुसरी दिलेली असते. हौशी रेडिओवाल्यांच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोहोंत बहुधा ०.६ मेगाहर्ट्झचे अंतर ठेवतात. इतक्या जवळ असूनही स्वतःच्या आवाजाने त्याचे कान बसू नयेत म्हणून मध्ये धातूच्या नळकांड्यांची गाळणी बसवावी लागते. भलत्याच खरखरीने तो जागा होऊ नये यासाठी पुष्कळ ठिकाणी एक ठरावीक मंद सूर लागतो. आपल्या संचाने बोलण्याबरोबर तो सूर पाठवला तरच रिपीटर दार उघडतो. फार वेळ बटण दाबून ठेवले तर तो आपणहून गप्प होतो, म्हणून रिपीटरवर थोडे बोलून थांबायचे असते.

उंचीचा हा हव्यास माणसाने आकाशापर्यंत नेला आहे. ५ मे २००५ रोजी आपल्या देशाने हॅमसॅट नावाचा लहान उपग्रह सोडला. जगभरातल्या हौशी रेडिओवाल्यांची बोलणी तो २०१४ पर्यंत आकाशातून पुढे देत होता.

मग गावच्या टेकडीवर आपणच एक रिपीटर बसवला तर? येथे थांबावे लागेल, कारण कायदा आडवा येतो, आणि तो योग्यच आहे. पोलीस, वनखाते, रुग्णवाहिका, विमाने या सर्वांची बोलणी हवेतूनच चालतात. ज्याने त्याने मनाला येईल त्या फ्रिक्वेन्सीवर यंत्र लावले, तर संकटात कोणाचेच कोणाला ऐकू जाणार नाही. रिपीटरला परवाना लागतोच. मोठ्या कारखान्याला किंवा संस्थेला दरसाल शुल्क भरून स्वतःची फ्रिक्वेन्सी मिळू शकते. चार-सहा मळ्यांसाठी तो व्याप परवडणारा नाही.

विनापरवाना जे चालते ते असे. २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी ताकदीचे हातसंच वापरायला परवाना लागत नाही. हे संच साधारण अर्ध्या वॉटचे असतात. २७ मेगाहर्ट्झजवळ नागरिकांसाठी आणखी एक पट्टा आहे, त्यात ५ वॉटपर्यंत मुभा आहे. पण त्या संचांची अँटेना लांब असते आणि ते आपल्याकडे फारसे विकायला दिसत नाहीत. संच कोणताही असो, दिल्लीच्या बिनतारी नियोजन शाखेची मंजुरी, जिला ईटीए म्हणतात, त्या नमुन्याला आहे की नाही हे विक्रेत्याला विचारावे आणि क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. अँटेना जशी आली तशीच ठेवावी. स्वस्तात मिळणारे, १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ कोठेही फिरवता येणारे ५ वॉटचे संच या सवलतीत बसत नाहीत, मग डब्यावर काहीही छापलेले असो. ऑनलाइन बाजारात त्यांची बेधडक विक्री होऊ लागली म्हणून २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला खास मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. आमच्याही गळ्यात एका दुकानदाराने असाच संच ‘सगळे हेच नेतात’ म्हणून जवळजवळ मारला होता.

नंतर नियमात बसणारी जोडी घेऊन आम्ही चोरलच्या बाजूला एक संध्याकाळ घालवली. सरळ रस्त्यावर, दोन्ही बाजूंना गहू गुडघ्याएवढा असताना, सुमारे २ किलोमीटरपर्यंत स्वच्छ ऐकू आले. एक जण नाल्यात उतरला मात्र, अर्ध्या किलोमीटरवरच आवाज तुटला. मग तिसरा संच देऊन एका मुलाला वरच्या कडेवर चढवले. त्याला नाल्यातलेही ऐकू येई आणि वस्तीतलेही. त्याने निरोप ऐकला आणि तोच शब्दशः पुढे सांगितला. रिपीटर झाला, परवाना नाही आणि खांबही नाही!

दोन संचांपेक्षा तीन घ्यावेत, असे आमचे सांगणे आहे ते याच अनुभवावरून. तिसरा संच उंचावरच्या घरी राहावा. ज्या रात्री पाणी द्यायचे असेल त्या रात्री त्या घरातल्या एकाने ठरल्या वेळी तो चालू करून ऐकावा. रात्रभर जागण्याची गरज नाही. दर तासाची पहिली ५ मिनिटे ठरवून घेतली तरी पुष्कळ, बॅटरीही टिकते. पण एक तास हा लांब काळ आहे. शेतावरच्या माणसाची ठरलेली हजेरी आली नाही आणि दोनदा हाक मारूनही उत्तर मिळाले नाही, तर दिवा घेऊन निघावे, वाट पाहत बसू नये.

संच लावताना सगळ्यांचा चॅनल एकच असावा आणि चॅनलला जोडलेला उपकोडही एकच असावा. घोळ होतो तो बहुधा या उपकोडाने : चॅनल जुळतो, दिवा लागतो, पण आवाज येत नाही. सर्वांनी तो शून्यावर ठेवावा हे उत्तम. या कोडामुळे बोलणे गुप्त राहते असे काहींना वाटते. तसे नाही, त्या चॅनलवरचा कोणीही आपले ऐकू शकतो. घरची भांडणे आणि पैशाच्या गोष्टी त्यावर नकोत. आवाजाने आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर मोटरीच्या घरघरीनेच संच बोलत राहील.

बोलताना संच उभा धरावा, तोंडापासून चार बोटे दूर. बटण दाबून मनात ‘एक’ म्हणावे, मग बोलावे. नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि तो नेमका ज्याला हाक मारली त्याच्या नावाचा असतो. ओरडू नये, आवाज फाटतो. बोलणे संपले की ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडावे. गडगडाट सुरू असताना संच घेऊन टाकीवर किंवा माथ्यावर चढू नये.

आकडे नेहमी सुटे सांगावेत. मराठीत सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस खरखरीत सारखेच लागतात, आणि आपल्या इंदूरकरांच्या बोलण्यात मध्येच हिंदीचे आकडे डोकावतात. ‘तीन, सात’ म्हटले की भांडण मिटले. तसाच ‘पलीकडे’ हा शब्द टाळावा. नाल्याच्या पलीकडे म्हणजे कोणाच्या पलीकडे? प्रत्येक विहिरीला आणि बांधाला आधीच नाव ठरवावे, आणि ती नावे लिहून कागद तिन्ही घरांत भिंतीला लावावा.

संकटाचा निरोप सांगताना जागा प्रथम, काय झाले ते दुसरे, कोणाला झाले ते तिसरे. म्हणजे आवाज तुटला तरी धावणाऱ्याला कोठे जायचे ते कळते. मधल्या माणसाने निरोप लिहून घ्यावा, परत वाचून दाखवावा आणि फोन लागतो तेथून १०८ ला कळवावे. साप चावला असेल तर जखम चिरू नये, चोखू नये, वर घट्ट दोरी बांधू नये. माणसाला चालू न देता, पाय हलू न देता, लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. विजेचा झटका असेल तर आधी वीज तोडावी, मग हात लावावा. हेही त्याच कागदावर लिहून ठेवावे.

तरुण मुलामुलींना या विद्येची गोडी असेल, तर हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची, परीक्षा द्यावी. १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही बसता येते. प्राथमिक विजाशास्त्र आणि नियम, एवढे दोन विषय पहिल्या श्रेणीला असतात. मोर्स येण्याची अट नाही. पास होऊन परवाना मिळाला की व्हीयू३ ने सुरू होणारी स्वतःची खूण मिळते आणि हौशी मंडळींच्या रिपीटरवर बोलता येते. मात्र तेथे धंद्याचे बोलणे चालत नाही, बटाट्याचा भाव विचारता येणार नाही. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला होत्या. फोन बंद पडले होते. आपले माणूस जिवंत आहे की नाही, हे मुख्य भूमीवरच्या कितीतरी घरांना त्यांच्या संचावरून कळले.

ज्यांनी जाहिरातीतली जोडी आधीच घेतली आहे त्यांनी तूर्त तिची बॅटरी काढून ठेवावी, बटण दाबू नये, आणि पावती शोधून दुकानात परत करता येते का ते पाहावे.