हाडांचा हौद

एका नळाने हौद भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो. दोन्ही नळ एकदम सोडले तर काय होईल? हे उदाहरण आपण वर्गात अनेकदा सोडवतो. हाडांचे गणितही असेच आहे.

हाड ही जिवंत ऊती आहे. प्रौढ वयातही सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी नव्याने घडतो. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुने हाड पोखरतात, ऑस्टिओब्लास्ट पेशी तो खड्डा भरून काढतात. पोखरण्यास दोन-तीन आठवडे पुरतात; भरण्यास तीन-चार महिने लागतात. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पोखरणाऱ्या पेशींना आवर घालते. रजोनिवृत्तीच्या सुमारास ते घटते. मग खड्डे जास्त पडतात आणि पुरते भरत नाहीत. शेवटच्या पाळीआधीच्या एका वर्षापासून नंतरच्या दोन वर्षांपर्यंत ही झीज सर्वांत वेगवान असते. मणक्यांत वर्षाला सुमारे दोन-अडीच टक्के. दुखत मात्र काहीच नाही. पुष्कळदा पहिली सूचना मिळते ती मनगट किंवा मणका मोडल्यावरच.

हौदातील पातळी कळते ती डेक्सा तपासणीने. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण हाडातून किती पार होतात, यावरून खनिजांची घनता काढतात. तरुण स्त्रियांच्या सरासरीशी तुलना करून येणारा आकडा म्हणजे टी-स्कोअर. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार तो उणे २.५ किंवा त्याहून कमी असल्यास ऑस्टिओपोरोसिस मानतात.

पण एका मोजणीतून नळांचा वेग कळत नाही. तो रक्तातून कळतो. हाड पोखरले जाताना त्यातील कोलॅजेन प्रथिनाचे तुकडे रक्तात येतात. त्यांपैकी एक सीटीएक्स. नवे कोलॅजेन रचले जाताना सुटणारा तुकडा म्हणजे पी१एनपी. रजोनिवृत्तीनंतर दोन्ही वाढतात, कारण दोन्ही नळ जोरात वाहतात. पण निचरा जास्त असतो. सीटीएक्स जेवणानंतर घटते, म्हणून रक्त सकाळी उपाशीपोटी घेतात.

या खुणांवरून रोगनिदान करता येत नाही. ते काम घनतेचे. मात्र औषध लागू पडते की नाही, हे खुणा तीन ते सहा महिन्यांत दाखवतात. घनतेतील फरक खात्रीने दिसायला वर्ष-दोन वर्षे जातात.

आणि हौद मुळात भरतो कधी? बराचसा विशीच्या आतच. म्हणजे आपल्या वर्गातील मुलींचे खेळणे, ऊन, दूध आणि नाचणी ही त्यांच्या पन्नाशीची तरतूद आहे. खेळाचा तास गणिताला देताना हे गणितही ध्यानात ठेवू या.