गिनी पिगला हवे भरपूर गवत आणि कोरडे अंथरूण

फ्लॅटमध्ये कुत्र्याला जागा नाही आणि आजीला मांजर चालत नाही, अशा घरात मुलांच्या हट्टाचा शेवट पुष्कळदा गिनी पिगवर होतो. दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या कितीतरी घरांत हा गुबगुबीत पाहुणा आला आहे. दुकानदार सोबत तारेचा छोटा पिंजरा आणि मूठभर दाणे देतो, ‘भाजीची सालेसुद्धा खातो’ असे सांगतो. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. मग वास येऊ लागतो, पिंजरा बाल्कनीत हलवला जातो आणि तिथून त्या जिवाचे हाल सुरू होतात.

खरे तर गिनी पिग घाणेरडा प्राणी नाही. तो दिवसभर खातो आणि दिवसभर लेंड्या टाकतो, एवढेच. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरच्या थंड, गवताळ मुलखातून तो आला. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चघळूनच झिजतात. पोटही गवताच्या चोथ्यावरच चालते. म्हणून वाळलेले गवत ही त्याची भाजी-भाकरी, बाकी सारे कोशिंबीर. त्याचे शरीर आपल्यासारखेच ‘क’ जीवनसत्त्व तयार करू शकत नाही, तेव्हा रोज सिमला मिरचीचा तुकडा किंवा कोथिंबिरीच्या काड्या हव्याच.

गवत आणायचे कुठून?

पाळीव प्राण्यांच्या दुकानात टिमोथी नावाचे परदेशी गवत पाकिटात मिळते. चांगले असते, पण खिशाला जड. मात्र आसपासच्या हरयाणात आणि उत्तर प्रदेशात हिवाळ्यात जनावरांसाठी जई, म्हणजे ओट, पिकवतात. दाणे भरण्याआधी कापलेली जई वाळवली की उत्तम चारा होतो. दूर्वा तर सगळीकडे असतात. त्या पातळ पसरून दोन-तीन दिवस गच्चीवर वाळवाव्यात. नीट वाळलेल्या गवताला गोडसर वास येतो आणि रंग थोडा हिरवा राहतो. कुबट वास आला तर सरळ फेकून द्यावे. जिथे औषध फवारतात किंवा कुत्री फिरवतात, अशा बागेतले गवत आणू नये.

दिल्लीत स्वस्त मिळते ती ‘तूडी’, म्हणजे गव्हाचा भुसा. ती मात्र घेऊ नये. तिच्यात सत्त्व नाही, धूळ फार, आणि टोकदार काड्या डोळ्यात जातात. लसूणघास आणि बरसीम यांच्यात कॅल्शियम जास्त असते. मोठ्या गिनी पिगला ते रोज दिले तर मूतखड्याची भीती असते.

खाली काय अंथरावे?

उघडी जाळी तर मुळीच नको. तिच्यावर उभे राहून तळपाय सुजतात, जखमा होतात आणि त्या लवकर बऱ्या होत नाहीत. दोघांसाठी निदान साडेसात चौरस फूट सपाट तळ असावा. तळाशी रद्दीचे जाड थर, वर कागदाचे तुकडे किंवा जुन्या मऊ फ्लीसच्या चादरीचा तुकडा घालावा. वखारीतला बारीक भुसा नाकात जातो. देवदारासारख्या वासाच्या लाकडाचा कीस तर फुप्फुसांना वाईटच. खाण्याचे गवत अंथरुणात मिसळू नये, वेगळ्या टोपलीत किंवा जाळीत टांगावे. ओले झालेले गवत तो खात नाही, आणि खाऊही नये.

ओले कोपरे रोज काढावेत, सगळे अंथरूण चार-पाच दिवसांनी बदलावे. लघवीचा अमोनिया नाकाला झोंबेपर्यंत थांबले, तर तोच अमोनिया त्या छोट्या जिवाच्या फुप्फुसात चोवीस तास जात असतो. तळावरचे पांढरे डाग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसले की निघतात. फरशी पुसायचे फिनेल पिंजऱ्याला लावू नका! असल्या लहान प्राण्यांना ते विषारी ठरते. डांबराच्या गोळ्याही जवळ नकोत.

खरी परीक्षा दिल्लीच्या हवेची. मे २०२४ मध्ये सफदरजंगला पारा ४६.८ अंशांवर गेला होता. गिनी पिगला २८ अंशांच्या पुढेच त्रास सुरू होतो. बाल्कनीचा विचारही करू नये. पिंजरा घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावा आणि बाटलीत बर्फ करून ती टॉवेलमध्ये गुंडाळून शेजारी ठेवावी. कूलरचा झोत थेट नको, त्याने अंथरूण ओलसर होते. पावसाळ्यात गवताला बुरशी लागते आणि ओल्या केसांवर माशा अंडी घालतात, तेव्हा अंथरूण एक दिवसाआड बदललेले बरे. जानेवारीच्या थंडीत गवताचा थर दुप्पट करावा. दिवाळीच्या फटाक्यांत लपायला पुठ्ठ्याचे खोके मात्र हवेच.

हा प्राणी आजार लपवतो. तो रडत नाही, कण्हत नाही. म्हणून सफाई करतानाच लेंड्या पाहाव्यात. त्या लहान, कोरड्या किंवा कमी झाल्या, गवत तसेच उरले, तर सकाळची वाट पाहू नये. उपाशी पोट काही तासांतच बिघडते. घरातले प्रतिजैविक औषध देऊ नये, कारण पेनिसिलिनच्या जातीची औषधे गिनी पिगच्या जिवावर बेततात. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहून ठेवावे. पशुवैद्याकडे जाताना ती वही सोबत न्यावी.