परवाना परीक्षा आणि शिक्षणाचे तत्त्वज्ञान

फिलिपीन्समध्ये शिक्षक व्हायचे तर नुसती पदवी पुरत नाही. १९९४ च्या कायद्याने परवाना परीक्षा सक्तीची केली. सामान्य ज्ञान व शिक्षणशास्त्र हे तिचे दोन प्रमुख भाग. हे दोन्ही भाग एकत्र वाचावेत, असे माझे मत आहे.

सामान्य ज्ञानात होसे रिझाल येतातच. ‘नोली मे तांगेरे’ १८८७ साली बर्लिनमध्ये छापली गेली, एवढे पाठ केले की गुण मिळतो. पण त्याच कादंबरीत छडी टाकून देऊ पाहणारा एक शाळामास्तर आहे आणि त्याला दटावणारा पाद्री आहे. शाळेवर सत्ता कोणाची, हा प्रश्न तिथे उभा राहतो.

तत्त्वज्ञानातही प्रश्न तोच आहे. सारवाद म्हणतो, निवडलेले मूलभूत ज्ञान मुलांना द्या. पण ते निवडणार कोण? प्रगतिवाद अनुभवातून शिकण्यावर भर देतो. त्याचे प्रमुख प्रवक्ते जॉन ड्यूई कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू होते. पुनर्रचनावाद शाळेवर समाज बदलण्याची जबाबदारी टाकतो. पाउलो फ्रेइरे तर बजावतात, बँकेत पैसे भरावेत तशी मुलांच्या डोक्यात माहिती भरणारे शिक्षण शोषितांची गुलामी पक्की करते.

विसंगती अशी की, परीक्षेत फ्रेइरेही चार पर्यायांपैकी एक होऊन बसतात! परवाना मिळवलाच पाहिजे; गरिबाच्या लेकीला तो नोकरीचा दरवाजा आहे. मात्र उजळणी करताना प्रत्येक वादाला विचारावे: शेवटच्या बाकावरच्या मुलाला यातून काय मिळणार?